अमेरिकेचे पोलाद-शुल्क, बुडीत येणी आणि चौदा कामगार: आधी कोणता कागद उघडावा?

मिसिसॉगाकर (नोव्हेंबर २०२५)

सर्वांना नमस्कार.

ओंटारिओत मिसिसॉगा येथे माझा लहान कारखाना असून तेथे दुकानांसाठी लागणाऱ्या पोलादी मांडण्या तयार होतात. कंपनी ओंटारिओच्या कायद्याखाली नोंदलेली आहे, संचालक मी आणि माझी पत्नी असे दोघेच आहोत. कामगार चौदा असून त्यांपैकी एक वेल्डर एकोणीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. साधारण चाळीस टक्के माल मिशिगन आणि ओहायोतील दोन ग्राहकांना जातो, उरलेला बहुतांश ओंटारिओतच विकला जातो.

मार्चमध्ये कॅनडाच्या मालावर शुल्क लागले तेव्हा मी निर्धास्त होतो, कारण आमचा माल कॅनडा-अमेरिका-मेक्सिको करारात, म्हणजे कुस्मात, बसतो आणि मूळस्थानाचे प्रमाणपत्र मी प्रत्येक इन्व्हॉइससोबत न चुकता देतो. असे असूनही सप्टेंबरपासून माझा कस्टम्स ब्रोकर शुल्काची जी बिले पाठवतो आहे, ती मालाच्या निम्म्या किमतीच्या घरात जातात. ग्राहकाशी केलेल्या २०१९ च्या करारात पोच ‘शुल्क भरून’ करायची असे लिहिलेले आहे. तेव्हा शुल्क शून्य होते, त्यामुळे त्या दोन शब्दांकडे मी लक्षही दिले नव्हते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. येथील एका किरकोळ विक्रेत्या साखळीने (नाव लिहीत नाही) न्यायालयाकडून धनकोंपासून संरक्षण घेतले असून तिच्याकडे माझे ६८,००० डॉलर अडकले आहेत. कोविडच्या काळात घेतलेले ६०,००० डॉलरचे सीबा कर्ज (लहान उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतले) अजून फिटलेले नाही. हिवाळ्यापुरते पाच जणांना घरी बसवावे असा विचार चालू आहे, आणि अमेरिकेऐवजी क्वेबेकमध्ये ग्राहक शोधून मालावर ‘मेड इन कॅनडा’ची चिठ्ठी लावावी असा मुलाचा आग्रह आहे.

वकिलाकडे जायचे आहेच, पण त्यांचे मीटर तासावर चालते. तेथे जाण्यापूर्वी यांतील कोणता प्रश्न आधी हाती घ्यावा आणि कोणती कागदपत्रे काढून ठेवावीत, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

---

जकातनाका

आपला गोंधळ आपल्या एकट्याचा नाही, या वर्षी हाच प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. वर्तमानपत्रे ‘ट्रम्प यांचे शुल्क’ असा एकच शब्द वापरतात, पण कागदावर ती दोन वेगवेगळ्या कायद्यांखालची शुल्के आहेत आणि एकातून सुटका देणारे प्रमाणपत्र दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरते.

पहिले शुल्क आणीबाणीतील आर्थिक अधिकारांच्या १९७७ च्या कायद्याखाली आले. ४ मार्च २०२५ रोजी ते २५ टक्के दराने लागू झाले, ऊर्जेसाठी दर १० टक्के होता. तीनच दिवसांनी कुस्माच्या अटी पूर्ण करणारा माल त्यातून वगळण्यात आला आणि उरलेल्या मालासाठी १ ऑगस्टपासून दर ३५ टक्क्यांवर गेला. आपले प्रमाणपत्र येथे चालते. दुसरे शुल्क १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याच्या कलम २३२ खालचे आहे, ज्यात राष्ट्रीय सुरक्षेचे कारण दिले जाते. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांवर ते १२ मार्चला २५ टक्के होते आणि ४ जूनला ५० टक्के झाले. कुस्माची सवलत येथे नाही. शिवाय हे शुल्क पत्रे आणि सळया यांपुरते मर्यादित नसून पोलादापासून बनलेल्या वस्तूंची एक वेगळी यादी आहे, जिच्यात १८ ऑगस्टला चारशेहून अधिक वर्गांकांची (सीमाशुल्कासाठी मालाच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकांची) भर पडली. आपली बिले सप्टेंबरपासून सुरू झाली, यावरून आपला वर्गांक त्या भरीत आला असावा असा माझा तर्क आहे. मालाचा दहा अंकी अमेरिकी वर्गांक ब्रोकरकडून लेखी मागवून तो यादीशी ताडून पाहा.

आता पैशाचा मुद्दा. अशा बनवलेल्या वस्तूंवर ५० टक्के शुल्क संपूर्ण किमतीवर नसते, तिच्यातील पोलादाच्या मूल्यावर असते. उरलेल्या भागावर पहिल्या कायद्याचा नियम लागतो, आणि तेथे कुस्माचे प्रमाणपत्र पुन्हा कामी येते. मात्र पोलादाचे मूल्य कागदोपत्री दाखवता आले नाही, तर पूर्ण किमतीवर आकारणी होते. शुल्क निम्म्या किमतीच्या घरात जाते असे आपण लिहिले आहे, म्हणजे ब्रोकर नेमके हेच करत असावा. समजा हजार डॉलरच्या मांडणीत पोलाद तीनशे डॉलरचे असेल आणि बाकी सातशे वेल्डिंग, पावडर कोटिंग, लाकडी फळ्या, पॅकिंग आणि आपला नफा यांचे असतील, तर पाचशे डॉलरऐवजी दीडशे डॉलर शुल्क बसेल. त्यासाठी पोलाद-पुरवठादाराची बिले आणि प्रत्येक मांडणीत किती किलो पोलाद जाते याचा तक्ता हवा. आधी भरून झालेल्या नोंदींत दुरुस्ती मागण्याची सोय असते, पण तिला मुदत आहे. म्हणून माझ्या मते हा कागद सर्वांत आधी उघडावा.

आणखी एक बाब ब्रोकरला विचारून घ्या. पोलाद अमेरिकेतच वितळवून ओतलेले असेल, तर त्यापासून दुसऱ्या देशात बनवलेल्या यादीतील वस्तूवर हे शुल्क लागत नाही. अर्थात अमेरिकी पोलाद आणायचे, तर कॅनडाचे २५ टक्क्यांचे प्रतिशुल्क आड येते. १ सप्टेंबरला कॅनडाने कुस्मात बसणाऱ्या बहुतेक अमेरिकी मालावरील प्रतिशुल्क उठवले, पण पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारी यांवरील कायम ठेवले आहे. पुढे निर्यात होणाऱ्या मालात वापरलेल्या पोलादावर भरलेला असा कर परत मिळवण्याची योजना सीमा सेवा संस्थेकडे आहे. हे गणित जमते की नाही, ते आपल्या पुरवठादाराच्या दरावर अवलंबून राहील.

‘शुल्क भरून’ या दोन शब्दांविषयी थोडे कठोर लिहितो. शुल्क वाढले म्हणून करार आपोआप मोडत नाही. केवळ व्यवहार महाग झाला, एवढ्यावरून तो अशक्य झाला असे न्यायालये सहसा मानत नाहीत. ‘अपरिहार्य आपत्ती’चे कलम करारात असेल तर त्याचे शब्द पाहा, त्यात सरकारी कर किंवा शुल्क यांचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यावर फार विसंबू नका. करारावर कोणत्या प्रदेशाचा कायदा लागू आहे, तेही वाचा. कॅनडा आणि अमेरिका दोन्ही देश आंतरराष्ट्रीय माल-विक्रीविषयीच्या १९८० च्या व्हिएन्ना कराराचे सदस्य आहेत आणि पक्षांनी तो स्पष्टपणे वगळला नसेल, तर तो आपसूक लागू होतो. छोट्या कारखानदारांच्या वकिलांनाही हे कधीकधी आठवून द्यावे लागते.

शेवटी, ५ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जो युक्तिवाद झाला, तो पहिल्या कायद्याविषयी होता. निकाल काहीही लागला, तरी आपल्या पोलादावरील कलम २३२ चे शुल्क त्याने हटणार नाही. त्या बातमीच्या भरवशावर मिशिगनच्या ग्राहकाला कोणतीही किंमत कळवू नका.

---

हिशेबनीस

जकातनाका यांनी सीमाशुल्काचे जे लिहिले त्याला माझी पूर्ण संमती आहे. क्रमाबाबत मात्र मतभेद आहे. मी आधी कॅनडा महसूल संस्थेचे खाते उघडून पाहीन.

याचे कारण सांगतो. अडचणीत आलेला मालक बहुधा आधी पुरवठादाराचे आणि बँकेचे पैसे देतो आणि पगारातून कापलेला आयकर, पेन्शन व रोजगार विम्याची वर्गणी आणि ग्राहकांकडून गोळा केलेला एचएसटी (विक्रीकर) ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून मागे ठेवतो. ही रक्कम कंपनीची नसते. कायद्याच्या नजरेत ती सरकारसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते. ती थकली आणि कंपनीकडून वसूल झाली नाही, तर आयकर कायद्याचे कलम २२७.१ आणि अबकारी कर कायद्याचे कलम ३२३ यांनुसार संचालक वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतात. पद सोडल्यावर दोन वर्षे उलटल्याशिवाय ही टांगती तलवार दूर होत नाही. आपल्या पत्नी नावापुरत्याच संचालक असतील, तरीही जबाबदारी त्यांच्यावर तितकीच येऊ शकते. ‘मला हिशेबातले काही कळत नव्हते’ हा बचाव क्वचितच टिकतो. त्याशिवाय ओंटारिओच्या कंपनी कायद्यात कामगारांच्या सहा महिन्यांपर्यंतच्या वेतनाची आणि बारा महिन्यांपर्यंतच्या रजावेतनाची जबाबदारीही संचालकांवर आहे. म्हणून बाकी कोणतेही देणे थांबले तरी चालेल, पण हे थांबवू नका.

अडकलेल्या ६८,००० डॉलरविषयी. संरक्षण कंपनी-धनको व्यवस्था कायद्याखाली घेतले असेल (तो ५० लाख डॉलरहून अधिक देणे असलेल्या कंपन्यांसाठी आहे), तर आपण बिनतारणी धनको ठरता. तारण असलेल्या बँकांचे भागल्यावर उरले तर आपल्याला मिळणार. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी ७ मार्च २०२५ रोजी याच कायद्याच्या आश्रयाला गेली आणि १ जूनपर्यंत तिची सारी दुकाने बंद झाली. साडेतीनशे वर्षांचे नाव म्हणजे वसुलीची हमी नव्हे, हे तिच्या पुरवठादारांना त्या तीन महिन्यांत समजले.

दिवाळखोरी कायद्याच्या कलम ८१.१ मध्ये, आधीच्या तीस दिवसांत पोचवलेला माल परत मागण्याचा पुरवठादाराचा हक्क आहे. अनेक जण तोच धरून बसतात. पण तो प्रत्यक्ष दिवाळखोरी झाल्यावर किंवा रिसीव्हर (मालमत्तेचा ताबा घेणारा) नेमला गेल्यावरच चालतो, तेव्हाही पंधरा दिवसांत लेखी मागणी करावी लागते, आणि माल ओळखता येण्याजोगा, न विकलेला व त्याच स्थितीत असावा लागतो. संरक्षणाच्या आदेशात तो उपयोगाचा नाही. आज आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. न्यायालयाने नेमलेल्या मॉनिटरच्या संकेतस्थळावर दाव्याची मुदत पाहून दावा दाखल करावा. आदेशानंतर पाठवायच्या मालाचे पैसे रोख मागावेत, कारण उधारीवर माल देण्याची सक्ती सामान्यतः करता येत नाही. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: येणे बुडीत म्हणून लिहून टाकले की त्यावर आपण आधीच भरलेला एचएसटी परत मागता येतो. ६८,००० मध्ये तेरा टक्के कर धरलेला असेल, तर ही रक्कम सुमारे ७,८०० डॉलर होते.

पुढच्या ग्राहकासाठी एक सूचना. पैसे पूर्ण मिळेपर्यंत मालावर आपले तारण राहील असे करारात लिहून घ्यावे, ओंटारिओच्या वैयक्तिक मालमत्ता तारण नोंदवहीत त्याची नोंद करावी आणि माल पाठवण्यापूर्वी ग्राहकाच्या आधीच्या तारणधारक बँकेला कळवावे. नोंदणीचा खर्च अगदी किरकोळ आहे, पण क्रम चुकला तर सारे व्यर्थ जाते.

सीबा कर्ज वेळेत फेडल्यास मिळणारी वीस हजारांची सूट १८ जानेवारी २०२४ ला गेली. आता ते ५ टक्के व्याजाचे कर्ज आहे आणि संपूर्ण मुद्दल ३१ डिसेंबर २०२६ ला एकदम देय होईल. बँक ऑफ कॅनडाचा दर जुलै २०२३ मध्ये ५ टक्के झाला होता, तो २९ ऑक्टोबरला २.२५ वर आला आहे. तेव्हा बँकेशी बोलणी आत्ताच सुरू करा, पुढच्या वर्षाअखेरीस सगळेच एकदम दारात उभे असतील.

हे सारे करूनही निभले नाही, तर दिवाळखोरी हा एकच मार्ग उरत नाही. लहान कंपनीला दिवाळखोरी कायद्याखालीच धनकोंपुढे देणी फेडण्याचा प्रस्ताव ठेवता येतो. असा प्रस्ताव ठेवण्याची इरादा-सूचना दाखल होताच तीस दिवस वसुली थांबते आणि न्यायालय ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढवू शकते. प्रस्ताव मंजूर होण्यासाठी मतदान करणाऱ्या बिनतारणी धनकोंचे संख्येने बहुमत आणि रकमेने दोन तृतीयांश लागते. एक धोका मात्र आहे: धनकोंनी प्रस्ताव फेटाळला, की कंपनी त्याच क्षणी दिवाळखोर ठरते.

---

पारावरचा वकील

मी आपला वकील नाही आणि हा सल्ला नव्हे, हे आधी नमूद करतो. केवळ कामगारांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण सीमाशुल्कात वाचवलेले पैसे येथे घालवलेले मी पाहिले आहेत.

‘हिवाळ्यापुरते घरी बसवणे’ हा आपल्याला साधा निर्णय वाटतो, पण ओंटारिओत त्याला दोन कायदे लागतात. रोजगार मानके कायद्यात तात्पुरत्या कपातीला वीस सलग आठवड्यांत तेरा आठवड्यांपर्यंत मुभा आहे. विमा वगैरे लाभ चालू ठेवले, तर ती बावन्न आठवड्यांत पस्तीसपेक्षा कमी आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. परंतु न्यायालयांनी घडवलेल्या सामान्य कायद्यात, नेमणूकपत्रात तसा अधिकार लिहिलेला नसेल, तर एकतर्फी कपात म्हणजे अप्रत्यक्ष बडतर्फी ठरू शकते. कायद्याने मुभा दिली आहे म्हणून मालकाला तसा हक्क मिळाला, असे होत नाही.

एकोणीस वर्षांच्या वेल्डरचा विचार करा. कायद्याने त्याला किमान आठ आठवड्यांची सूचना द्यावी लागते आणि बहुतेक मालक तेवढाच आकडा डोक्यात धरतात. सामान्य कायद्यात मात्र १९६० च्या बार्डल निकालापासून वय, सेवेची वर्षे, कामाचे स्वरूप आणि तशीच दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता हे पाहिले जाते. पन्नाशी ओलांडलेल्या जुन्या कामगाराच्या बाबतीत सूचनेची मुदत वर्षाच्या पलीकडे सहज जाते. नेमणूकपत्रात ‘फक्त किमान मिळेल’ असे लिहिले आहे म्हणूनही निश्चिंत राहू नका. २०२० च्या वॉक्सडेल निकालात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने ठरवले की सेवासमाप्तीच्या तरतुदींपैकी एखादी बेकायदेशीर असेल, तर त्या सगळ्याच निकामी होतात, मग ती तरतूद प्रत्यक्षात वापरलेली नसली तरी. २०२० पूर्वीची बहुतेक छापील नेमणूकपत्रे या कसोटीला उतरत नाहीत.

पाच जणांना घरी बसवण्याऐवजी केंद्र सरकारच्या काम-वाटप योजनेकडे पाहावे असे मला वाटते. कामाचे तास दहा ते साठ टक्क्यांनी कमी करून ती कपात सगळ्यांमध्ये वाटायची आणि गमावलेल्या वेतनाचा काही भाग रोजगार विम्यातून मिळवायचा, असे तिचे स्वरूप आहे. शुल्काच्या झळेमुळे ७ मार्चपासून तिची कमाल मुदत ७६ आठवडे करण्यात आली आहे. तिला कामगारांची संमती आणि सर्व्हिस कॅनडाची मंजुरी आधी लागते. चौदा जणांच्या कारखान्यात ही संमती एका दुपारच्या बैठकीत मिळू शकते, आणि कुशल वेल्डर वसंतात दुसरीकडे गेलेला नसेल, हा लाभ कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

---

माँट्रियलकर

क्वेबेकविषयी थोडक्यात. आपल्या मुलाचा विचार चांगला आहे, पण येथे माल आणण्यापूर्वी भाषेचा हिशेब करावा लागतो. फ्रेंच भाषेच्या सनदेत विधेयक ९६ ने केलेले बदल टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि १ जून २०२५ हा त्यांतील शेवटचा मोठा टप्पा होता. जोडणीच्या सूचना, लेबल, माहितीपत्रक आणि इन्व्हॉइस फ्रेंचमध्ये हवेत, आणि इतर भाषेतील मजकूर फ्रेंचपेक्षा वरचढ असता कामा नये. आपण छापील अटींवर करार करत असाल, तर आधी फ्रेंच प्रत द्यावी लागते, मगच पक्ष इंग्रजी प्रत निवडू शकतात. पंचवीस कामगारांची जी मर्यादा ऐकू येते, ती क्वेबेकमध्ये कामगार असणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला सध्या तिची चिंता नाही.

प्रांतांमधले अडथळे जूनमध्ये केंद्राच्या कायद्याने संपले असा समज पसरला आहे, तोही अर्धवट आहे. विधेयक सी-५ ने केंद्र सरकारचे नियम सैल केले. प्रांतांचे नियम प्रांतांकडेच राहिले. क्वेबेकहून बिअर घेऊन न्यू ब्रन्सविकला परतणाऱ्या ज्येरार कोमो यांचा २९२.५० डॉलरचा दंड २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १८६७ च्या राज्यघटनेतील कलम १२१ मुक्त व्यापाराची सरसकट हमी देत नाही असे ठरले. तो निकाल आजही कायम आहे.

चिठ्ठीबाबत सावध राहा. ‘मेड इन कॅनडा’ लिहिण्यासाठी शेवटचे महत्त्वाचे रूपांतर येथे झालेले असावे, थेट खर्चापैकी निदान ५१ टक्के कॅनडातला असावा आणि आयात भागांचा उल्लेख सोबत हवा. ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’साठी हे प्रमाण ९८ टक्के आहे. २० जून २०२५ पासून दिशाभूल करणाऱ्या दाव्याविरुद्ध खासगी पक्षांनाही परवानगी घेऊन स्पर्धा न्यायाधिकरणाकडे जाता येते. म्हणजे आपली चिठ्ठी आता आपले प्रतिस्पर्धीही वाचणार आहेत.

---

मिसिसॉगाकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे केले ते कळवतो.

ब्रोकरकडून वर्गांक मागवला. तो ऑगस्टच्या यादीत निघाला आणि सर्व नोंदींवर पूर्ण किमतीवरच ५० टक्के लावलेले होते. पोलादाच्या मूल्याविषयी त्याने एप्रिलमध्ये ईमेलने विचारले होते म्हणे. ती ईमेल मला सापडली, माझ्याच न वाचलेल्या टपालात. वजनाचा तक्ता माझा मुलगा तयार करतो आहे. महसूल संस्थेच्या खात्यात एका तिमाहीचा एचएसटी थकलेला आहे, तो या आठवड्यात भरतो. काम-वाटपाची गोष्ट कामगारांपुढे मांडली, तेव्हा वेल्डरनेच सर्वांत आधी होकार दिला.

एक शंका उरली आहे. मिशिगनचा ग्राहक म्हणतो की यापुढे आयातदार तो होईल आणि शुल्क अर्धे-अर्धे वाटून घेऊ, मात्र त्यासाठी इन्व्हॉइसवर मालाची किंमत कमी दाखवावी आणि उरलेले पैसे ‘डिझाइन शुल्क’ म्हणून वेगळे घ्यावेत. हे चालेल का?

---

जकातनाका

आयातदार त्याने होणे आणि शुल्काचा भार वाटून घेणे, या दोन्ही गोष्टी कायदेशीर आहेत. त्या करारात दुरुस्ती करून दोघांच्या सहीने लिहून घ्या आणि ‘शुल्क भरून’ हे शब्द त्याच दुरुस्तीत काढून टाका.

तिसरी गोष्ट करू नका. एकाच मालाची किंमत दोन बिलांत विभागली, तरी मालासाठी दिलेली एकूण रक्कम हेच सीमाशुल्काचे मूल्य धरले जाते, आणि अमेरिकेबाहेर केलेले डिझाइनचे काम त्यात मोजले जाऊ शकते. मूल्य कमी दाखवल्याचा आरोप आयातदारावर येईल, पण त्या इन्व्हॉइसवर सही आपली असेल. पोलादाचे मूल्य वेगळे दाखवून जो फरक आपल्याला खरोखर मिळणार आहे, त्याच्या तपासणीत हे बिल हाती लागले, तर तक्ता कितीही अचूक असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ग्राहकाला नकार ईमेलने कळवा, फोनवर नको. आणि ती ईमेल जपून ठेवा.